लिफ्टवाल्यांचा नवा फोन

तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात लिफ्ट बसवून त्यांची देखभाल करणारी एक कंपनी आहे. तिथे मी काही वर्षं नेटवर्क सांभाळायला होते. गळ्यातल्या कार्डावर ‘नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं छापलेलं असे. प्रत्यक्षात प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मी, कुणी पासवर्ड विसरलं तरी मी आणि साहेबांच्या मिसेसच्या मोबाईलमधले लग्नाचे फोटो उडाले तरी मीच. माझे वडील मार्केटमध्ये माथाडी होते. साताऱ्याहून आलेल्या त्या माणसाने मला कम्प्युटर शिकवलं ते मुलीला बसून काम मिळावं म्हणून. मला बसून काम मिळालं, हे खरं. बसून काय काय ऐकावं लागतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

साहेब स्वतः मेकॅनिक होते एके काळी. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की हातातला घास टाकून स्कूटर काढायचे, असं जुने लोक सांगत. त्याबद्दल त्यांचा आदर करायला माझी काही हरकत नाही. पण मी त्यांना ओळखू लागले तोवर स्कूटर गेली होती आणि केबिन आली होती. केबिनमध्ये माणूस गेला की त्याला बाहेरचं ऐकू येत नाही, आणि मग ऐकण्यासाठी तो यंत्रं विकत घेत सुटतो.

आमच्याकडे जुनं टेलिफोन एक्स्चेंज होतं. जिन्याखाली भिंतीला टांगलेली पिवळट पेटी, तिच्यातून निघालेला तारांचा गुंता आणि समोर बसलेल्या आमच्या ऑपरेटरताई. ताई करावे गावच्या. बोलणं तिखट, आवाज खणखणीत. फोन आला की पहिल्या वाक्यात विचारायच्या, “आत कोनी हाय का?” आत कुणी अडकलेलं असेल तर दुसऱ्या वाक्यात पत्ता घ्यायच्या आणि तिसऱ्या वाक्याला मेकॅनिक निघालेला असे. त्या पेटीचा दोष एकच होता. ती चालत होती. जी वस्तू गपचूप चालते तिच्याबद्दल चार लोकांत सांगण्यासारखं काही नसतं आणि साहेबांना चार लोकांत सांगायला काहीतरी हवं असायचं.

वाशीला एक प्रदर्शन भरलं होतं. तिथून साहेब एक पिशवी, एक पेन आणि एक सेल्समन घेऊन आले. सेल्समन इंटरनेटवरून फोन करायचं सॉफ्टवेअर विकत होता. कंपन्यांसाठी, असं तो प्रत्येक वेळी जोडायचा, जणू कंपन्यांमध्ये माणसं नसतात. कॉन्फरन्स रूममध्ये पडद्यावर त्याने रंगीत गोल दाखवले, त्या गोलांतून बाण निघाले आणि ते ढगात गेले.

“सर, कॉल आता कॉल राहिलेला नाही,” तो म्हणाला. “तो एक एक्स्पीरियन्स आहे.”

साहेबांनी मान डोलावली. ज्याचा अर्थ कळत नाही त्या वाक्याला मान डोलावण्यात आमच्या ऑफिसात सगळेच तयार होते.

मी विचारलं, “आपली इंटरनेटची लाईन एकच आहे. फोन त्यावर आणायचे तर त्या लाईनवर आधीच काय काय चालतं ते मोजायला लागेल. ई-मेल थोडा उशिरा आला तर कुणाला कळत नाही. आवाज उशिरा आला तर शब्द तुटतो.”

सेल्समन माझ्याकडे बघून हसला. लहान मुलाने पाहुण्यांसमोर शी आली म्हणून सांगितलं की जसं हसतात तसा. “मॅडम, आमचं सॉफ्टवेअर इंटेलिजंट आहे.”

“मॅडमना नवीन काही आलं की टेन्शन येतं,” साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. तिथे तो विषय संपला. मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. नंतर कित्येक महिने ते उत्तर आम्हाला टेलिफोनवरून ऐकायला मिळालं.

उद्घाटन झालं. कम्प्युटरला हार घातला, जास्वंद वाहिली, कीबोर्डच्या शेजारी नारळ फोडला आणि नारळाचं पाणी पुसायला अर्थात मला बोलावलं. साहेबांनी हेडफोन लावून पहिला कॉल आपल्या घरी केला. मिसेसचा आवाज स्पीकरवर सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. “जेवायला येताय का?” असं त्या विचारत होत्या. टाळ्या पडल्या.

त्याच सुमारास साहेबांनी केबिनमध्ये भिंतभर टीव्ही लावून घेतला. तळोज्याचं गोडाऊन, पनवेल आणि कल्याणची सर्व्हिस सेंटरं, आमचं रिसेप्शन आणि साहेबांचा बंगला, इथल्या सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं त्या एका टीव्हीवर दिवसभर चालू असत. बंगल्याचं फाटक दिसे, पोर्च दिसे, कुत्र्याचं घर दिसे. ते काम साहेबांनी बाहेरच्या कॅमेरेवाल्याला दिलं होतं. मी चौकशी केली तेव्हा साहेब म्हणाले, “ते तुमचं काम नाही.” कॅमेरेवाल्याने सांगितलं, “त्याची सोय वेगळी आहे मॅडम, तुमच्या नेटवर्कला आपण हातच लावलेला नाही.” माझ्या यंत्रांवर त्या टीव्हीचा मागमूस नव्हता, तेव्हा सोय खरंच वेगळी असणार असं मी धरून चालले.

साहेबांची एक सवय सांगायला हवी. केबिनमधून बाहेर पडताना ते दिवा, पंखा, एसी आणि टीव्ही, सगळं स्वतःच्या हाताने बंद करायचे. मेकॅनिकच्या दिवसांतली एवढी एकच गोष्ट त्यांच्याकडे उरली होती.

आता नव्या फोनवर गिऱ्हाइकाला ताईंचा आवाज लगेच ऐकू येत नसे. आधी संगीत वाजे. मग एक बाई, जी आमच्या ऑफिसातली नव्हती आणि बहुधा कुठल्याच ऑफिसातली नव्हती, गोड आवाजात पर्याय सांगे. नवीन लिफ्ट घ्यायची असेल तर एक दाबा. जुनी बदलायची असेल तर दोन. वार्षिक करारासाठी तीन. बिलासाठी चार. लिफ्टमध्ये कुणी अडकलं असेल तर पाच.

मी साहेबांना म्हटलं, “अडकलेल्याचा पर्याय पहिला ठेवू या.”

“पहिला विक्रीचाच पाहिजे,” साहेब म्हणाले. “जो अडकलाय तो कुठे पळून जाणार आहे?”

ते विनोद करत नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं होतं.

पहिल्याच आठवड्यात आवाज तुटायला लागले. म्हणजे पलीकडचा माणूस बोलायचा आणि आमच्याकडे त्यातली निम्मीच अक्षरं पोचायची. ‘बंद’ ऐकू यायचं, पण काय बंद ते नाही. ‘लवकर या’ ऐकू यायचं, पण कुठे ते नाही. ताई कानाला हेडफोन दाबून “हॅलो, हॅलो, आवाज येत नाय तुमचा” करत बसायच्या. त्यांचा आवाज मात्र पलीकडे व्यवस्थित जात असे. त्यामुळे गिऱ्हाईक आणखी चिडे. त्याला सगळं ऐकू येतंय आणि त्याचं कुणाला ऐकू येत नाही, यापेक्षा माणसाचा मोठा अपमान नाही.

मी सॉफ्टवेअर कंपनीला कळवलं. त्यांनी आभार मानले, तक्रारीचा एक नंबर दिला आणि लिहिलं की दोष तुमच्या नेटवर्कमध्ये आहे. मी माझं नेटवर्क तपासलं. नेटवर्कचा स्विच बदलला, तारा बदलल्या, फोनच्या आवाजाला बाकी सगळ्याच्या आधी वाट मिळावी अशी व्यवस्था केली. माझ्या बाजूला लाईन अर्धी रिकामी दिसत होती. मग इंटरनेट कंपनीला फोन केला. तिथेही संगीत, तिथेही गोड बाई. शेवटी जो माणूस भेटला त्याने सांगितलं की लाईन उत्तम आहे, दोष तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोघेही माझ्याशी अतिशय नम्रपणे बोलत. ज्याला काहीही करायचं नसतं त्याच्याइतकं नम्र कुणी नसतं.

ताई साहेबांकडे गेल्या. साहेब केबिनमधून बाहेर आले, टेबलाशी उभे राहिले, हेडफोन घेतला आणि आलेला कॉल स्वतः ऐकला. आवाज स्वच्छ. दुसरा ऐकला. तोही स्वच्छ.

“हे तर नीट चाललंय,” ते म्हणाले. “तुम्हाला जुन्या पेटीची सवय झालीय, बाकी काही नाही.”

ते आत गेले आणि थोड्याच वेळात ताईंचं “हॅलो, हॅलो” सुरू झालं. असं एकदा नाही, अनेकदा घडलं. साहेब बाहेर आले की फोन शहाण्यासारखा वागे. सगळ्या ऑफिसात कुजबूज सुरू झाली की ताई मुद्दाम करतात, आणि मला काही येत नाही म्हणून मी त्यांना सामील आहे. एका मीटिंगमध्ये साहेबांनी सर्वांदेखत विचारलं, “मी असतो तेव्हाच नेटवर्क चालतं का मॅडम? मग मी दिवसभर बाहेरच उभा राहू का?” सगळे हसले. आज वाटतं, त्यांनी ते खरंच करायला हवं होतं.

त्यानंतरची ती दुपार. जेवणं उरकली होती. ताईंच्या कम्प्युटरवर पाच नंबरचा कॉल आला, म्हणजे कुणीतरी अडकलेलं. मी शेजारच्या टेबलाखाली एका तारेशी झटापट करत होते, त्यामुळे इकडची बाजू मला सगळी ऐकू येत होती.

“हॅलो. कुठला सेक्टर? आवाज तुटतोय. हां, सीवूड्स. सेक्टर? चाळीस? सोसायटी? काय दर्शन? हॅलो.”

सीवूड्समध्ये आमच्या लिफ्ट पुष्कळ. ‘दर्शन’ने संपणारी नावं तर प्रत्येक सेक्टरमध्ये. नव्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता आपोआप समोर येईल असं सेल्समनने सांगितलं होतं. तसं येतही असे, सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतःच्या मोबाईलवरून फोन केला तर. पण सेक्रेटरी लिफ्टमध्ये अडकेल आणि बाकीचे रहिवासी जिन्याने जातील अशी कल्पना करणारा कुणीतरी इंटेलिजंट असेल, मी नव्हते. पडद्यावर नुसता एक अनोळखी नंबर होता.

ताईंनी मेकॅनिकला सेक्टर चाळीसला पाठवलं. थोड्या वेळाने त्याचा त्यांना मोबाईलवर फोन आला. सेक्टर चाळीसमध्ये एक ‘दर्शन’ सापडली, पण तिथली लिफ्ट मजेत वरखाली करत होती आणि चांगल्या लिफ्टला बंद पडली म्हणतो म्हणून वॉचमनने त्यालाच झापलं होतं. इकडे त्या अनोळखी नंबरवरून पुन्हा कॉल. पुन्हा तीच अर्धी अक्षरं. ताईंनी सॉफ्टवेअरवरून उलटा कॉल करून पाहिला, तरी तेच. त्या वैतागल्या. हेडफोनवर हात न ठेवताच शेजारणीला म्हणाल्या, “कोन म्हातारा हाय काय माहीत, उगाच वरडत बसलाय.”

मी टेबलाखालून बाहेर आले, पडद्यावरचा नंबर पाहिला आणि माझ्या स्वतःच्या मोबाईलवरून लावला.

एक घंटी वाजली आणि पलीकडून अगदी स्पष्ट, थकलेला आवाज आला. “हॅलो. बोला बाई.”

“काका, मी लिफ्ट कंपनीतून बोलते. कुठला सेक्टर?”

“सेहेचाळीस,” ते म्हणाले. “मघापासून सेहेचाळीसच सांगतोय. तुमच्या बाई चाळीस म्हणाल्या तेव्हा मी नाही, नाही म्हणालो. त्या मेकॅनिकला चाळीसला पाठवतायत, तेही मला ऐकू आलं. तुमचं सगळं ऐकू येतंय मला.”

बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस. सीवूड्सच्या निम्म्या सेक्टरांची शेपटी तीच. सुरुवातीची अक्षरं गळली की सगळ्यांचा चाळीस होतो.

ते सोसायटीचं पूर्ण नाव सांगत असताना मागून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता. काकांच्या सोबत गॅसचा सिलेंडर घेऊन आलेला माणूस होता. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट थांबली होती, आत दिवा गेला होता. सिलेंडरवाल्याचा फोन खाली टेम्पोत राहिला होता. सेक्रेटरी गावी गेले होते, आतल्या बटणाची घंटा वॉचमनच्या खोलीत वाजत होती आणि वॉचमन फाटकाबाहेर पाण्याचा टँकर लावून घेत होता. इमारतीतले बाकीचे लोक कामावर. काकांकडे होता तो लिफ्टमधल्या स्टिकरवरचा आमचा नंबर.

“तो फार घाबरलाय,” काका हळू आवाजात म्हणाले. “सिलेंडर फुटेल म्हणतोय. मी सांगतोय की नाही फुटत. पण माझ्यावर त्याने का विश्वास ठेवावा? माझं तर फोनवरही कुणी ऐकत नाही.”

मेकॅनिक सेहेचाळीसला पोचेपर्यंत मी फोन ठेवला नाही. दरवाजा उघडल्याचा आवाज मी ऐकला. सिलेंडरवाला बाहेर येऊन जिन्यात बसला आणि त्याला उलटी झाली, असं मेकॅनिकने नंतर सांगितलं. काकांनी त्याला घरी नेऊन पाणी दिलं, आणि सिलेंडर मेकॅनिकने वर चढवला.

संध्याकाळी सॉफ्टवेअर कंपनीशी बोलणं झालं. साहेबांनी फोन स्पीकरवर ठेवला, पलीकडून तो सेल्समनच बोलला. “सर, लिफ्टमध्ये मोबाईलला नेटवर्क नसतं. हा लिफ्टचा प्रॉब्लेम आहे.”

लिफ्ट बसवणाऱ्या माणसाला तो हे सांगत होता. मी म्हटलं, “माझ्या मोबाईलवर त्याच लिफ्टमधून एकेक अक्षर ऐकू आलं.” त्यावर तो म्हणाला, “मॅडम, तो तुमचा पर्सनल एक्स्पीरियन्स झाला.” साहेबांना हे उत्तर पटलं.

पुढे एके सकाळी काका स्वतः ऑफिसात आले. सीवूड्सहून रिक्षाने, इस्त्रीचा शर्ट घालून. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. फोन का नाही केला, असं रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, तेव्हा ते तिच्याकडे नुसते बघत राहिले.

“मला मालकांना भेटायचंय,” ते म्हणाले.

मुलीने आत कळवलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत असं उत्तर आलं. आत कसलीही मीटिंग नव्हती. साहेब टीव्हीवर रिसेप्शनच्या चौकोनात काकांना बघत बसले होते, हे चहा घेऊन आत गेलेल्या शिपायाने बाहेर येऊन सांगितलं. एकेकाळी अडकलेल्या माणसासाठी घास टाकून उठणारा माणूस, सुटून आलेल्या माणसाला भेटायला दाराबाहेर यायला तयार नव्हता.

काका आमच्या टेबलांपाशी आले. त्यांनी विचारलं, “उगाच ओरडत बसलाय, असं त्या दिवशी कोण म्हणालं होतं?”

ताई उभ्या राहिल्या. “मी बोलले,” त्या म्हणाल्या. सबब सांगितली नाही, फोनला दोष दिला नाही.

“मी ओरडत नव्हतो,” काका म्हणाले. “मी आकडा सांगत होतो.”

ताईंनी आपली खुर्ची पुढे केली. “बसा बाबा. चुकला माझा.” शिपायाला त्यांनी चहा आणायला पाठवलं आणि स्वतः उभ्या राहून कॉल घेऊ लागल्या. कॉल तुटतच होते. काका शेजारी बसून ते ऐकत होते. दोन्ही बाजू ऐकलेला तो आमचा एकमेव ग्राहक असेल.

एवढ्यात साहेब बाहेर आले. काकांना वाट बघायला लावून ते कंटाळून जातील असा हिशेब असावा, पण काका जाईनात. केबिनच्या दाराच्या काचेतला प्रकाश विझला आणि साहेब हसतमुखाने आले, काकांचा हात हातात घेतला, “आमची सिस्टिम आता वर्ल्ड क्लास आहे” वगैरे बोलू लागले. मी ऐकत होते, पण त्यांचं नाही. ताईंचं. ताईंचं “हॅलो, हॅलो” थांबलं होतं. त्या एका कॉलवर सरळ, सलग बोलत होत्या. साहेब काकांना दारापर्यंत पोचवून केबिनमध्ये परतले, काचेत टीव्हीचा निळा प्रकाश आला आणि ताईंच्या पुढच्या कॉलची अक्षरं गळायला लागली.

माणूस बाहेर आला म्हणून तार सुधारत नाही, हे मला माहीत होतं. मग बाहेर येताना तो काय बंद करतो?

दुपारी साहेब जेवायला घरी गेले तेव्हा मी शिडी मागवली. इंटरनेटची लाईन इमारतीत जिथे येते तिथे त्या कंपनीची छोटी पेटी होती. तिच्यातून एक तार माझ्या यंत्राकडे येत होती, ती मी लावलेली. मागच्या बाजूने दुसरी एक तार निघून फॉल्स सीलिंगच्या पत्र्यांमागे गेली होती. ती मी लावलेली नव्हती. एकेक पत्रा उचलत, नाकातोंडात धूळ घेत मी तिच्या मागे गेले. ती साहेबांच्या केबिनवर पोचली आणि टीव्हीच्या मागे उतरली. कॅमेरेवाल्याची वेगळी सोय ती ही. माझ्या यंत्राच्या अलीकडूनच त्याने लाईन फोडली होती, त्यामुळे मला माझ्या बाजूला लाईन रिकामी दिसत होती. तळोजा, पनवेल, कल्याण आणि बंगला, सगळ्यांची चित्रं एकाच वेळी त्या एका लाईनवरून आत ओतली जात होती आणि त्यांच्या लोंढ्यात बाहेरून येणारा माणसाचा आवाज बुडत होता. सेक्टर सेहेचाळीसमधला ‘सेहे’ एका कुत्र्याच्या घराच्या चित्राखाली गेला होता.

साहेब आल्यावर मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “माझ्या केबिनमध्ये तुम्ही कुणाच्या परवानगीने आलात?”

“केबिनमध्ये नाही, छतात होते.”

“म्हणजे माझ्यामुळे फोन तुटतात असं तुमचं म्हणणं आहे?”

“टीव्हीमुळे.”

“टीव्ही कोण बघतं? मीच ना?”

त्यांना हवं ते उत्तर त्यांनीच दिलं होतं. मी ताईंना आत बोलावलं, त्यांचा एक कॉल साहेबांच्या कम्प्युटरच्या स्पीकरवर घेतला आणि रिमोट साहेबांच्या हातात दिला. टीव्ही चालू, आवाज तुटका. टीव्ही बंद, आवाज अखंड. साहेबांनी स्वतःच परत चालू करून पाहिलं. पलीकडचं गिऱ्हाईक बिचारं त्याच्या बंद लिफ्टबद्दल तळमळून सांगत होतं आणि इकडे तिघं जण त्याला चालू-बंद करत होते. शेवटी ताईंनीच “आता बास करा साहेब, मानूस बोलतोय” म्हणून कॉल बाहेर नेला.

साहेबांनी रिमोट टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “दुसरी लाईन घ्या.”

मला बरं वाटलं, हे कबूल करते. नवी लाईन आली, जुनीपेक्षा पुष्कळ वेगवान. ती मी फोनला जोडायला निघाले तेव्हा साहेबांनी थांबवलं. नवी लाईन टीव्हीला लावायची होती. “फोनला काय लागतं,” ते म्हणाले, “आवाजच तर असतो.” जुनी लाईन फोनला राहिली. ती मोकळी झाली होती, त्यामुळे आवाज नीट येऊ लागला. एवढ्यावर समाधान मानायचं असतं नोकरीत.

ज्यांना हे सगळं भोगावं लागलं त्यांनी मात्र तोवर स्वतःचा बंदोबस्त केला होता. सोसायट्यांच्या वॉचमननी आमच्या मेकॅनिकांचे मोबाईल नंबर मिळवून भिंतीवर लिहून ठेवले होते. लिफ्ट बंद पडली की ते थेट मेकॅनिकला फोन करत. ऑफिसच्या नंबरकडे कुणी फिरकत नव्हतं. सॉफ्टवेअर दर महिन्याला जो अहवाल काढे त्यात तक्रारींची रेघ खाली खाली येताना दिसू लागली. ताईंच्या टेबलावर शांतता होती. साहेबांनी मीटिंगमध्ये ती रेघ पडद्यावर दाखवली आणि नव्या सिस्टिममुळे तक्रारी घटल्या म्हणून पेढे वाटले. मी हात वर करून सांगायचा प्रयत्न केला की तक्रारी घटलेल्या नाहीत, लोकांनी तुम्हाला सांगायचं बंद केलंय. “मॅडम, पेढा घ्या,” साहेब म्हणाले.

नंतर सेल्समन एका फोटोग्राफरला घेऊन आला. आमच्या कंपनीची यशोगाथा त्यांच्या वेबसाईटवर टाकायची होती. साहेबांचा हेडफोन लावलेला फोटो निघाला. ज्या हेडफोनवर त्यांनी वर्षभरात मोजके कॉल ऐकले होते, तोच. ताईंना फोटोत घ्यावं असं कुणाला वाटलं नाही, आणि त्यांनाही नको होतं. त्या म्हणाल्या, “मना घरी तोंड दाखवायचंय.”

मी त्या वर्षाअखेर राजीनामा दिला आणि बेलापूरला दुसरीकडे लागले. कारण विचारलं तेव्हा घर जवळ पडतं म्हणून सांगितलं. खरं कारण सांगून उपयोग नव्हता. ते आत पोचेपर्यंत त्यातली निम्मी अक्षरं गळाली असती.

काकांकडे माझा मोबाईल नंबर त्या दुपारपासून राहिला आहे. त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की अजून मला फोन येतो. एकदा मी त्यांना सांगितलं, “काका, मी ती कंपनी सोडली.”

“माहीत आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच तुम्हाला करतो.”

मग मी मेकॅनिकला कळवते, आणि तो जातो.